अकरा नंबरचं पाणी

शिट्टी बारा सेंटिमीटर आधीच वाजली.

मी टेप वर ओढली, शिट्टी टी-शर्टाच्या टोकाला पुसली आणि पुन्हा नळात सोडली. पुन्हा तिथंच वाजली. तिसऱ्यांदा सोडताना मी श्वाससुद्धा रोखून धरला, जसं काही माझ्या श्वासानंच पाणी हलत होतं. तिसऱ्यांदाही तेच आलं. दोन मीटर एकोणतीस. आदल्या दिवशी दोन मीटर एक्केचाळीस होतं. उन्हाळा कोरडा चालला होता, रोज सेंटिमीटरभर पाणी खाली जात होतं, म्हणजे त्या दिवशी बेचाळीस यायला हवं होतं, फार तर त्रेचाळीस. पाणी वर कशाला येईल? पाऊस नाही, काही नाही.

मी वही उघडली आणि माझ्या सुप्रसिद्ध वळणदार अक्षरात लिहिलं: अकरा नंबर, ६ जुलै, २.४२.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होतील. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी दहा आठवडे जर्मनीला गेले होते. दक्षिणेकडच्या एका लहानशा गावाबाहेर जंगल होतं आणि जंगलाच्या तोंडाशी भूजलाचं एक जुनं संशोधन केंद्र. जंगलात बारा विहिरी होत्या. विहीर म्हटल्यावर रहाट आणि पायऱ्या डोळ्यांपुढे आणू नका. जमिनीत उभा गाडलेला लोखंडी नळ, वर झाकण, झाकणावर नंबर, एवढीच ती विहीर. टेपच्या टोकाला अंगठ्याएवढी पितळी शिट्टी बांधलेली असायची. ती नळात सोडायची, पाण्याला टेकली की आतली हवा दाबली जाऊन ती वाजायची, आणि त्या क्षणी टेपवरचा आकडा वाचायचा. पाणी जमिनीपासून किती खोल आहे हे मोजण्याची ही त्यांची शंभर वर्षं जुनी पद्धत. स्वयंचलित यंत्रं पुढच्या वर्षी बसणार होती. तोवर आम्हीच यंत्रं.

आम्ही म्हणजे मी, इचलकरंजीची वैजयंती कुंभोजकर, आणि उदगीरचा माणिक बिराजदार. वेगवेगळ्या कॉलेजांतून निवड झालेली, मुंबई विमानतळावर पहिल्यांदा तोंडओळख. पहिल्या सहा विहिरी त्याच्या, पुढच्या सहा माझ्या. त्याच्या बॅगेत किलोभर येसराचं मसालेदार पीठ होतं आणि माझ्या बॅगेत चार रंगांची स्केचपेनं. पहिल्या आठवड्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यानं येसराची आमटी केली तेव्हा एका पोलिश मुलीनं खिडक्या उघडल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात तीच वाटी घेऊन आली. माणिक असाच होता. कुठंही नेऊन ठेवा, चार दिवसांत घरचा होऊन जायचा. मला मात्र सायकलसुद्धा शत्रूसारखी वाटायची. तिथल्या सायकलींचा ब्रेक पायात असतो, पायडल उलटं फिरवलं की गाडी जागच्या जागी थांबते. उलटं पायडल मारत रमतगमत उतारावरून यायची माझी लहानपणापासूनची सवय. दोन्ही गुडघे फोडून घेतल्यावर ती गेली.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर ब्रांट. आम्ही आपापसात त्यांना ब्रांटबाई म्हणायचो. साठीच्या आसपास वय, कायम पायात चिखलाचे बूट, आणि बोलणं मोजूनमापून. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की शेजारच्या विद्यापीठात एम.एस.साठी दर वर्षी एक जागा या केंद्राच्या शिफारशीवर भरते, शिष्यवृत्तीसकट. दहा आठवड्यांनी दोघांपैकी एकाचं नाव त्या कळवणार होत्या. ‘मला हुशार माणूस नको आहे,’ त्या म्हणाल्या होत्या, ‘काळजीपूर्वक काम करणारा हवा आहे.’

मी मनात म्हटलं, मग जागा माझीच.

कारण काळजीपूर्वक या शब्दाचा अर्थ मला चार जिल्ह्यांत कुणी शिकवायची गरज नव्हती. पप्पांचं कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान होतं, आणि त्या दुकानात सगळ्यात जास्त झेरॉक्स कशाच्या निघाल्या असतील तर माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या. आमच्याकडे प्रॅक्टिकल कसं चालायचं ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. आधी उत्तर काय यायला हवं ते बघायचं, मग तिथून मागं मागं येत रीडिंगं लिहायची. एखादं रीडिंग रेषेबाहेर गेलं की सर त्यावर लाल फुली मारणार आणि पुन्हा सगळं लिहायला लावणार. तेव्हा ते रेषेबाहेर जाऊच द्यायचं नाही. यात आम्ही काही गैर करतोय असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं. वर्गात त्याला ‘रीडिंग आणणं’ म्हणायचे. माझी रीडिंगं इतकी सुंदर यायची की सर माझं जर्नल बाहेरच्या परीक्षकाला नमुना म्हणून दाखवायचे.

त्यात पहिल्याच आठवड्यात माझं एकदा हसं झालं होतं. सात नंबरला मी टेप वाचताना दहा सेंटिमीटरांची चूक केली. ब्रांटबाईंनी वही बघितली, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि मला त्याच पावली सायकलवरून परत पाठवलं, जाऊन येऊन सहा किलोमीटर. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. परत आल्यावर माणिक म्हणाला, ‘अगं, माणसाची चूक होते. तू तर असं तोंड करायलीस जसं काय तुरुंगातून आलीस.’ पण मला रात्रभर झोप लागली नव्हती. त्यामुळे सहा जुलैला अकरा नंबरनं बारा सेंटिमीटरांचा ठेंगा दाखवला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते बोट आलं. पुन्हा चूक केली असं त्यांना वाटणार. मी आकडा दुरुस्त केला. माझ्या लेखी ती दुरुस्तीच होती.

सात जुलैला पाणी आणखी वर होतं. मी लिहिलं २.४३.

आठ जुलैपासून मी अकरा नंबरमध्ये शिट्टी सोडणंच बंद केलं. मोजायचं कशाला, जेव्हा काय लिहायचं ते आधीच ठरलंय? उरलेल्या पाच विहिरी इमानेइतबारे मोजायचे, अकरा नंबरच्या झाकणापाशी सायकल उभी करायचे, पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायचे आणि लिहायचे, २.४४. दुसऱ्या दिवशी २.४६. मध्येच एक दिवस पाणी मुळीच उतरलं नाही असंही दाखवलं, कारण खऱ्या पाण्याला तेवढी लहर असतेच. या कलेत माझा हात धरणारा कुणी नव्हता. संध्याकाळी माणिक आणि मी स्वयंपाकघरात आपापले आकडे संगणकात भरायचो. दहा वाजेपर्यंत उजेड असायचा, खिडकीबाहेर मुलं फुटबॉल खेळायची, आणि माझ्या सहा विहिरींच्या सहा रेषा पडद्यावर एकमेकींना धरून हळूहळू उतरत जायच्या. माणिकच्या रेषा वेड्यावाकड्या असायच्या. मला त्याची जरा कीवच यायची.

बुधवारी दुपारी आम्हाला सुट्टी असायची. तेरा जुलैला मी कपडे धुवत होते तेव्हा माणिक धापा टाकत आला. ओढ्याकाठानं फिरायला गेला होता. चल म्हणाला, काहीतरी बघायचंय. काय ते सांगेना.

ओढा माझ्याच बाजूच्या जंगलातून वाहत होता, पण विहिरींच्या वाटेवरून दिसायचा नाही, मध्ये झाडी होती. झाडी ओलांडून आम्ही काठावर आलो आणि मी बघतच राहिले. ओढ्यात आडवा बांध पडला होता. फांद्या, चिखल, दगड, गवत, सगळं एकात एक गुंतवून इतकं नेटकं रचलेलं की माणसाचंच काम वाटावं. काठावरच्या दोन झाडांचे बुंधे पेन्सिलीला टोक करावं तसे कुरतडलेले होते. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून तळं झालं होतं.

‘बीव्हर,’ माणिक म्हणाला. ‘केंद्रातल्या रीडलकाकानं मला फोटो दाखवला होता. उंदराच्या जातीचा असतो, पण कुत्र्याएवढा. दीडशे वर्षांपूर्वी शिकार करून संपवले म्हणे इथले सगळे. काका म्हणायलाय, वरच्या खोऱ्यात परत आलेत, कधीतरी इथंबी येतील.’ मग तो हसला. ‘आमच्याकडे पोत्यात वाळू भरून श्रमदानातनं वनराई बंधारा घालतो ना आम्ही, सेम तसाच. वीस पोरं आणि दोन दिवस लागतात आम्हाला. ह्यानं एकट्यानं केला बघ.’

मी हसले. त्याच्या पुढच्या वाक्यापर्यंत मला खरंच आनंद झाला होता.

‘बंधारा पडला की आमच्या गावच्या विहिरींना आठ दिवसांत पाणी वाढतं,’ तो म्हणाला. ‘वरच्या अंगाच्या सगळ्या विहिरींना. तुझी अकरा नंबर तर इथंच आहे ना, झाडीपलीकडं? तिला कसं काय वाढलं नाही?’

मी म्हटलं, जमीन वेगळी असेल. तो म्हणाला, असेल. माणिकच्या मनात काही नव्हतं. त्याला मी तेव्हा पुरते ओळखत होते, त्याच्या मनात काही असलं तर आधी तोंडावर यायचं.

ब्रांटबाई शहरात बैठकीला गेल्या होत्या, शुक्रवारी परतणार होत्या. माणिकनं त्याच संध्याकाळी त्यांना बांधाचे फोटो पाठवले. तासाभरात उत्तर आलं. ब्रांटबाईंनी इतकी उद्गारचिन्हं आजवर कधी वापरली नसतील. शेवटी मला निरोप होता: अकरा नंबरचे जुलैचे सगळे आकडे ताबडतोब पाठव.

आकडे पाठवले. न पाठवून सांगणार काय?

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी सगळ्यात आधी अकरा नंबरला धावत गेले. घाईत झाकण उघडेना. शिट्टी सोडली आणि ती इतक्या लवकर वाजली की मी दचकले. एक मीटर एकाहत्तर. वहीत आदल्या दिवसाचा आकडा होता २.४९. मी झाकणावर बसून राहिले. एका रात्रीत पाणी पाऊण मीटर वर आलं असं लिहिलं तर लहान मूलसुद्धा विचारेल की हे कसं. मी लिहिलं २.५०.

केंद्रावर परतले तर ब्रांटबाईंचा दुसरा निरोप आला होता. आकडे बघून त्या चकित झाल्या होत्या. बांधापासून तीस मीटरांवर विहीर आणि तिच्यावर काहीच परिणाम नाही, म्हणजे मध्ये जमिनीखाली चिकणमातीचा जाड थर असणार, जो ऐंशी वर्षांत कुणाच्या लक्षात आला नव्हता. विद्यापीठातून दोन भूगर्भतज्ज्ञ जमिनीला भोक पाडायचं यंत्र घेऊन शुक्रवारी त्यांच्याबरोबर येत होते. खाली एक ओळ होती: ‘वैजयंती, तुझ्या काळजीपूर्वक नोंदींमुळे हे कळलं.’

तो निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला. तरीही, आज सांगायला लाज वाटते, माझा पहिला विचार कबूल करण्याचा नव्हता. मी खोलीचं दार लावलं, कागद घेतला आणि नवी रेषा काढायला बसले. आधी अगदी किंचित चढ, मग वाढता, मग मोठा. सांगायचं की संगणकात भरताना माझ्याकडून ओळी चुकल्या, खरे आकडे हे. अर्ध्या तासात अशी रेषा उतरली की कुठल्याही पुस्तकात छापावी. पाणी जमिनीत मुरून हळूहळू कसं चढतं, ते हुबेहूब दिसत होतं. मी ती समोर धरून बघितली आणि मला एकदम भीती वाटली. ती खरी नव्हती हे ओळखणारी जगात मी एकटीच होते, आणि आणखी आठ दिवसांनी मलाही ती खरीच वाटली असती.

मी कागद घेऊन माणिकच्या दारावर थाप मारली आणि त्याला सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता. त्यानं सुरी खाली ठेवली आणि ऐकलं.

‘हे मला कामून सांगितलंस?’ तो शेवटी म्हणाला. ‘आता मी बाईंना सांगितलं तर म्हणतील जागेसाठी चुगली केली. नाही सांगितलं तर मीबी त्यात आलो.’

‘तू काही करू नकोस,’ मी म्हटलं. ‘मला फक्त कुणालातरी एकदा मोठ्यानं सांगून बघायचं होतं.’

‘मग झालं की. जमलं तुला.’ त्यानं सुरी उचलली. ‘उद्या तेच परत बोलायचं. फक्त इंग्रजीत.’

शुक्रवारी मी पहाटेच सगळ्या विहिरी खरोखर मोजून आले, अकरा नंबरसुद्धा. नऊ वाजता गाडी आली. मागं यंत्र बांधलेलं होतं. ब्रांटबाई उतरल्या त्याच हसत, त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते हसू घालवायचं काम माझ्या वाट्याला होतं. मी म्हटलं मला तुमच्याशी एकांतात बोलायचंय. त्या म्हणाल्या, नंतर. मी म्हटलं, यंत्र उतरवण्याआधी. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाहुण्यांना कॉफी प्यायला आत पाठवलं.

अंगणातच उभी राहून मी बोलले. सहा तारखेपासून कालपर्यंत, अकरा नंबर, नऊ दिवस. आकडे मनाचे. पहिले दोन दिवस आणि काल मोजलं होतं, पण लिहिलं वेगळं. मधले सहा दिवस मोजलंच नाही, झाकणापाशी उभी राहून पाणी प्यायले आणि आकडा लिहिला.

‘का?’ त्यांनी विचारलं.

‘आकडा रेषेत बसत नव्हता. मला वाटलं, माझीच चूक आहे.’

‘मोजलेले खरे आकडे आठवतात?’

पहिला आठवत होता, आणि कालचा. सात तारखेचा नाही, तो मी कुठंच लिहिला नव्हता. त्यांनी मान हलवली. मग त्या जे बोलल्या ते मी शब्दन् शब्द सांगू शकते.

‘दीडशे वर्षांनी तो प्राणी या ओढ्यावर आला. त्यानं बांध घातला आणि जमिनीखालचं पाणी वर चढू लागलं. ते कसं चढलं हे बघायला साऱ्या पृथ्वीवर एकच माणूस तिथं उभा होता. तू. आणि तू पाणी प्यायलीस. माझी फसवणूक झाली त्याचं काही नाही, वैजयंती, ती मी विसरेन. पण ते नऊ दिवस आता कुणालाच मिळणार नाहीत.’

मी रडले नाही. रडण्याइतकंही धैर्य नव्हतं. त्यांनी विचारलं, आणखी कुठले आकडे मनाचे आहेत? मी म्हणणार होते, एकही नाही. पण तेवढ्यात आठवलं. ‘बारा नंबर,’ मी म्हणाले, ‘एकोणतीस जून. पावसाची भुरभुर होती, मी गेले नव्हते.’ त्यांनी तेही ऐकून घेतलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं यंत्र तसंच बांधलेलं ठेवून गाडी परत गेली.

त्या केंद्राची एक रीत होती. कच्च्या वहीतले आकडे दर महिन्याच्या पंधरा तारखेला एका जाडजूड नोंदवहीत शाईनं उतरायचे आणि त्या नोंदवहीतलं काही खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि बाजूला कारण, तारीख, सही. पान फाडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. दुपारी ब्रांटबाईंनी मला ते जूनजुलैचे दहा खोटे आकडे नोंदवहीत आधी लिहायला आणि मग त्यांवर रेघ मारायला सांगितलं. खोटे का लिहायचे, मी विचारलं. ‘कारण ते घडलं आहे,’ त्या म्हणाल्या.

रेघा मारायला पट्टी दिली रीडलकाकानं. हा तिथला जुना तंत्रज्ञ, निवृत्तीला आलेला, गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे जंगल सुटलेलं. माझं जर्मन बेताचं होतं, त्याचं इंग्रजी त्याहून बेताचं. मी दहाव्या आकड्यापुढे सही केली तेव्हा तो उठला, कपाटातून एक जुनी नोंदवही काढून आणली आणि बरीच पानं उलटून एक पान माझ्यापुढे केलं. फिक्या शाईत पाच आकडे, पाचांवर रेघ. बाजूला लिहिलं होतं: डिसेंबर १९६७. मी गेलो नाही. आकडे मनाचे. रीडल.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं दोन बोटं हवेत नाचवली. गावात नाच होता, पाच दिवस. एक मुलगी होती. मी खुणेनं विचारलं, मग लग्न झालं तिच्याशी? ‘छे,’ तो म्हणाला, ‘दुसरीशीच झालं.’ आणि वही बंद करून कपाटात ठेवायला गेला. त्या दिवसात मी पहिल्यांदा हसले, आणि मग मात्र रडू आवरेना.

संध्याकाळी पप्पांना फोन केला. दुकानात गर्दीची वेळ होती. मी सगळं सांगितलं, मराठीत सांगताना ते आणखीच वाईट वाटत होतं. मागं मशीनचा आवाज चालला होता, मग पप्पांनी ते बंद केलं.

‘वैजे,’ पप्पा म्हणाले, ‘आपल्या दुकानातनं तुझ्या त्या जर्नलच्या किती झेरॉक्स गेल्या असतील गं?’

मी म्हटलं, खूप. ते म्हणाले, मग मीपण त्यात आहे की. जेवून घे म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी मी सायकल काढली नाही. ब्रांटबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले आणि विचारलं, माझ्या विहिरी आता कोण मोजणार? त्यांनी बुटांचे बंद बांधता बांधता वर पाहिलं.

‘तूच. मग कोण?’

‘तुम्ही माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवाल?’

‘आज नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण आजपासून सुरुवात झाली नाही तर कधीच ठेवता येणार नाही. जा, उशीर होतोय.’

मी गेले. अकरा नंबर त्या दिवशी एक मीटर त्रेपन्न होतं. मी तीनदा मोजलं आणि तिन्ही आकडे लिहिले, एक सेंटिमीटरचा फरक आला तोसुद्धा. पुढचे चार आठवडे माझ्या रेषा माणिकच्या रेषांपेक्षा वेड्यावाकड्या आल्या. पाणी एखाद्या दिवशी चढायचं, एखाद्या दिवशी कारण नसताना थबकायचं. एकदा तर चार सेंटिमीटर खाली गेलं, आणि जाऊन पाहिलं तर बांधाला खिंडार पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बुजलेलं होतं आणि पाणी पुन्हा वर. त्या प्राण्याला मी एकदाही बघितलं नाही. पण त्यानं रात्री किती काम केलं ते मला रोज सकाळी शिट्टीवरून कळायचं, आणि कधी एकदा उजाडतंय असं मला होऊन जायचं. तीन वर्षं अभ्यास केलेल्या विषयाशी माझी खरी ओळख त्या चार आठवड्यांत झाली.

शिफारस माणिकची झाली. व्हायलाच हवी होती. त्याला मनापासून अभिनंदन म्हणायला मला दोन दिवस लागले, हेही खरं आहे. निघायच्या आदल्या दिवशी ब्रांटबाईंनी मला बोलावून सांगितलं की त्या माझ्यासाठी पत्र लिहू शकत नाहीत, पण पुढच्या वर्षी सर्वसाधारण जागांसाठी मी अर्ज करू शकते. त्यांनी मला केंद्राच्या अहवालातला अकरा नंबरचा आलेख दिला. तो मीच काढला होता. जुलैच्या सुरुवातीला रेषा तुटत होती, नऊ दिवस कोरा कागद होता, मग खूप वरून पुन्हा रेषा सुरू होत होती. दोन टोकं ठिपक्यांनी जोडू का, असं मी विचारलं होतं आणि त्यांनी नको म्हटलं होतं. त्याखाली माझ्या सहीची ओळ होती: या दिवसांचे आकडे मी मनाने लिहिले होते, म्हणून काढून टाकले आहेत.

‘अर्जाला हे जोड,’ त्या म्हणाल्या. ‘जोडवत असेल तर.’

घरी आल्यावर मी तो आलेख कितीदा पाकिटात घातला आणि कितीदा बाहेर काढला याला सुमार नाही. शेवटच्या तारखेला घातला.

पुढच्या एप्रिलमध्ये मुलाखत झाली, संगणकावरच. आमच्या बाहेरच्या खोलीत, भर दुपारी, आवाज नको म्हणून पंखा बंद. पप्पा दुकान बंद करून आले होते आणि कुणी बेल वाजवू नये म्हणून दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांची नजर हलत नव्हती. पडद्यावर तिघे प्राध्यापक होते. इकडचं तिकडचं विचारून झालं आणि मधल्या बाईंनी तो आलेख कॅमेऱ्यासमोर धरला.

मी सांगितलं. काही न वगळता, झाकणापाशी उभी राहून प्यायलेल्या पाण्यासकट. तिघेही ऐकत राहिले. डावीकडचे म्हातारे प्राध्यापक तोवर एक शब्दही बोलले नव्हते. ते पुढे वाकले.

‘मधल्या काळात, समजा दहा जुलैला, पाणी साधारण किती असेल असं तुला वाटतं?’

मला ते काढता आलं असतं. दोन्ही टोकं माहीत होती, बांधाची उंची माहीत होती, पाणी कसं चढतं ते मी चार आठवडे रोज बघितलं होतं. आकडा तर जिभेवर आला होता.

‘माहीत नाही,’ मी म्हणाले.

‘अंदाजे?’

‘मी तिथं होते आणि मी मोजलं नाही. मला माहीत नाही.’

ते मागं रेलले आणि त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मधल्या बाईंनी आभार मानले, पडदा काळा झाला. पप्पांची खुर्ची कुरकुरली.

‘शेवटी काय विचारलं गं त्या म्हाताऱ्यानं?’ त्यांनी हळूच विचारलं. ‘न्हाई आलं व्हय उत्तर?’

‘आलं, पप्पा,’ मी म्हटलं, आणि उठून पंखा लावला.